प्रवासातलं डायलिसिस: पाहुण्या रुग्णांसाठीच्या सोयी कितपत भरवशाच्या?

आठवड्यातून तीन डायलिसिस म्हणजे सलग मोकळे दिवस जास्तीत जास्त दोन. त्याहून लांबचा प्रवास करायचा तर आधी परगावचं मशीन पक्कं करावं लागतं, तिकीट त्यानंतर. ही सोय आता बऱ्याच प्रकारे मिळते. अनेक केंद्रं बाहेरगावच्या रुग्णांना काही सत्रांपुरती खुर्ची देतात. फ्रेसेनिअस, डाविटा, डायाव्हेरम यांसारख्या साखळी कंपन्या त्यासाठी स्वतंत्र बुकिंग चालवतात. काही जहाजांवर डायलिसिसचं पथक असतं. पोटाच्या डायलिसिसवाल्यांना (पोटात द्रावण भरून रक्त शुद्ध करणाऱ्यांना) कंपनी द्रावणाच्या पिशव्या मुक्कामी पोचवते, आणि उचलून नेता येईल असं घरगुती मशीनही निघालं आहे. या सगळ्यांत पाहुण्यांना खुर्ची देणाऱ्या केंद्रांबद्दल इथे सगळ्यात जास्त लिहिलं आहे, कारण बहुतेक रुग्ण तिथेच जातात आणि घोळही तिथेच होतात.

केंद्र चांगलं आहे की नाही हे खुर्चीसमोरच्या टीव्हीवरून किंवा वायफायवरून कळत नाही. बुकिंग करताना ते तुमच्याकडे काय काय मागतं, ते बघा. "या तुम्ही, आल्यावर बघू" असं म्हणणारं केंद्र सोयीचं वाटतं, पण तिथे तुमच्या रक्ताला कुठलं द्रावण लावायचं हे मशीनपाशी उभं राहून ठरणार. उलट जे केंद्र कागद मागून मागून भंडावून सोडतं, दोनदा फोन करून रक्त गोठू न देणाऱ्या औषधाबद्दल "हेपॅरिन नक्की किती, सुरुवातीला किती, तासाला किती" असं विचारतं, ते घ्यावं. हा त्रास आहे खरा, पण तो आपल्याच भल्याचा आहे.

बुकिंग ८ ते १२ आठवडे आधी करावं, सुट्ट्यांच्या हंगामात त्याहूनही आधी. केंद्राच्या रिकाम्या खुर्च्या म्हणजे त्यांच्या कायमच्या रुग्णांपैकी कुणी बाहेर असेल तर उरलेल्या. त्यामुळे शिफ्ट आपल्या सोयीची मिळेलच असं नाही. पाहुण्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा रात्रीची किंवा भल्या पहाटेची शिफ्ट येते. शिफ्ट लेखी घ्या आणि निघण्याच्या आठवडाभर आधी पुन्हा फोन करून खात्री करा. साखळी कंपन्यांचा एक मोठा फायदा असा की तुमचं नेहमीचं केंद्र त्याच साखळीतलं असेल तर बरेचसे कागद आपोआप पुढे जातात. पण "आमच्याच कंपनीचं केंद्र आहे" म्हणून निर्धास्त होऊ नये. तपशील गेला तरी तो तिथल्या सिस्टरने वाचला आहे की नाही, हे शेवटी आपल्यालाच बघावं लागतं.

कागदांत सगळ्यात मोलाचे म्हणजे शेवटच्या तीन सत्रांचे चार्ट. डॉक्टरांचा आदेश वेगळा आणि प्रत्यक्ष मशीनवर घडतं ते वेगळं असू शकतं. आदेशात रक्ताचा वेग मिनिटाला ३५० मिली लिहिलेला असतो, पण फिस्टुला (सुया टोचण्यासाठी हातातली शीर आणि धमनी जोडून केलेली जागा) अलीकडे दाब दाखवत असेल तर सिस्टर रोज २८० वरच चालवत असते. तिसऱ्या तासाला बीपी पडतं की पायात गोळे येतात, तेही चार्टवरच दिसतं. त्याच्या जोडीला लागतं ते असं: ड्राय वेट (जादा पाणी काढल्यावरचं वजन), डायलायझरचं (रक्त गाळणाऱ्या नळकांड्याचं) नाव आणि आकार, सत्राचे तास, द्रावणातलं पोटॅशियम, कॅल्शियम, सोडियम, बायकार्बोनेट आणि तापमान, हेपॅरिनची मात्रा, सुईचा गेज, फिस्टुला, ग्राफ्ट (कृत्रिम नळीचा जोड) की कॅथेटर (मोठ्या शिरेत बसवलेली नळी) आणि तो कुठे आहे, एरिथ्रोपोएटिन (रक्त वाढवणारं औषध) आणि लोहाची इंजेक्शनं कधी आणि किती, ॲलर्जी, ताजं हिमोग्लोबिन आणि पोटॅशियम, हेपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे रिपोर्ट, ईसीजी, छातीचा एक्स-रे, औषधांची यादी आणि नेहमीच्या डॉक्टरांचं पत्र. औषधांची नावं ब्रँडची न लिहिता मूळ घटकाची लिहावीत. ब्रँड दर देशात बदलतो.

परदेशी केंद्रात गेलात की एककांचा सापळा समोर येतो, आणि यात खरोखर धोका आहे. पोटॅशियम मिलिमोलमध्ये लिहा किंवा मिलिइक्विव्हॅलंटमध्ये, आकडा तोच राहतो. कॅल्शियमचं तसं नाही. त्यावर दोन विद्युतभार असतात, म्हणून १.२५ मिलिमोल म्हणजेच २.५ मिलिइक्विव्हॅलंट. नुसतं "कॅल्शियम २.५" लिहिलेला कागद मिलिमोल वापरणाऱ्या केंद्रात गेला तर तिथला माणूस गोंधळणार, आणि घाईत जवळात जवळचा आकडा निवडला गेला तर ते १.७५ चं द्रावण असेल. आकड्यापुढे एकक लिहायचंच. क्रिएटिनिनच्या (किडनीचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीच्या) आकड्याला ८८.४ ने गुणलं की मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरचे मायक्रोमोल प्रति लिटर होतात. बीयूएन (युरियातला फक्त नायट्रोजन) आणि युरिया हेही एक नव्हेत. एकाच माणसाचा युरियाचा आकडा बीयूएनच्या दुपटीहून थोडा जास्त असतो, आणि ते माहीत नसलेला नातेवाईक रिपोर्ट बघून हादरतो. हेपॅरिन कागदावर युनिटमध्येच लिहावं, मिलीमध्ये कधीच नाही, कारण एका बाटलीत मिलीला १,००० युनिट असतात आणि दुसरीत ५,०००. "दोन मिली द्या" या वाक्याचा अर्थ दोन केंद्रांत पाचपट वेगळा होऊ शकतो. काही केंद्रं साध्या हेपॅरिनऐवजी एनॉक्सापॅरिनसारखं हेपॅरिन सुरुवातीला एकदाच देतात. तुम्हाला पूर्वी हेपॅरिनमुळे प्लेटलेट कमी झाल्या असतील तर ते कागदाच्या पहिल्या ओळीत, मोठ्या अक्षरात हवं.

वजनकाटा ही दुसरी गोष्ट. प्रत्येक केंद्राचा काटा थोडा वेगळा दाखवतो. अर्धा किलोचा फरक म्हणजे अर्धा लिटर पाणी जास्त काढलं जाणं किंवा अंगात राहणं. यावर उपाय सोपा आहे. निघण्याआधीच्या शेवटच्या सत्रानंतर, नेहमीच्या काट्यावर ड्राय वेटला असताना जे कपडे आणि चपला होत्या, तेच पाहुण्या केंद्राच्या पहिल्या सत्राला घालावेत. काट्याच्या आकड्याशी पायाची सूज, धाप आणि बीपी ताडून बघावं आणि पहिल्या दिवशी पाणी काढताना थोडं हात राखून काढायला सांगावं. उरलेलं दुसऱ्या सत्रात निघतं.

पाणी किती काढता येईल याचं गणित रुग्णाला स्वतःला यायला हवं. ताशी दर किलो वजनामागे १३ मिली ही मर्यादा सर्रास मानली जाते. त्याहून वेगाने काढलं की बीपी कोसळतं, गोळे येतात आणि हृदयावर ताण येतो. ६० किलोच्या माणसाला चार तासांत ३,१२० मिली निघेल. पण पाहुण्या केंद्राने शिफ्ट बसवण्यासाठी सत्र साडेतीन तासांचं केलं तर हाच आकडा २,७३० वर येतो. सुमारे ४०० मिली कमी. म्हणून बुकिंगच्या वेळी विचारा: चार तास म्हणजे सुया टोचल्यापासून काढेपर्यंत चार तास, की शिफ्टचे चार तास? दुसरं उत्तर मिळालं तर प्रत्यक्ष डायलिसिस त्याहून बरंच कमी होणार. अशा केंद्रात जाणं टाळता येत नसेल तर दोन सत्रांमधलं पिणं त्या हिशोबाने ठेवावं लागेल.

आता डायलिसिसचं पाणी. मिनिटाला ५०० मिली द्रावण धरलं तर चार तासांत १२० लिटर पाणी तुमच्या रक्ताच्या शेजारून, मधल्या पातळ पडद्यापलीकडून जातं. म्हणून आरओ प्लांट कसा ठेवला आहे हे विचारण्यात संकोच नको. आंतरराष्ट्रीय मानकानुसार त्या पाण्यात मिलीला १०० पेक्षा कमी जिवाणू आणि ०.२५ युनिटपेक्षा कमी एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं विष) असायला हवं, आणि एकूण क्लोरीन लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आत. क्लोरामीन (क्लोरीनचंच एक रूप) कार्बन टाकीतून निसटलं तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. क्लोरीनची चाचणी दर शिफ्टच्या आधी करून वहीत लिहायची असते. वही दाखवायला कुरकुर न करणारं केंद्र म्हणजे मोठं प्रशस्तिपत्र. तुमचं नेहमीचं डायलिसिस हिमोडायफिल्ट्रेशनचं (द्रावण थेट रक्तातही सोडण्याच्या पद्धतीचं) असेल तर साध्या आरओ पाण्यावर ते होत नाही, त्याला अतिशुद्ध द्रावण लागतं. अशी सोय नसेल तर त्या काही सत्रांपुरतं साधं डायलिसिस घेतलेलं बरं. डायलायझर धुऊन पुन्हा वापरतात का, हेही विचारा, आणि पाहुण्यांसाठी नवाच मिळेल असं लिहून घ्या.

सुयांच्या बाबतीत बटनहोलवाल्या (दर वेळी त्याच भोकातून सुई घालणाऱ्या) रुग्णांनी विशेष सावध राहावं. बोथट सुया बऱ्याच केंद्रांत नसतात, आणि त्या वाटेत नवख्या हाताने धारदार सुई घातली तर वर्षभराची तयार वाट एका दिवसात खराब होते. आपल्या सुया सोबत न्या. टोचणारी व्यक्ती सरावाची वाटत नसेल तर बटनहोल सोडून दुसऱ्या जागी टोचून घ्या. फिस्टुलाचा एक साधा फोटो, रक्ताची दिशा बाणाने दाखवलेला, फोनमध्ये आणि कागदावरही ठेवावा. कॅथेटर असेल तर दोन्ही नळ्यांमध्ये किती मिली मावतं ते क्लॅम्पपाशी छापलेलं असतं. आत कुठलं औषध भरून बंद करतात, हेपॅरिन की सायट्रेट, हे मात्र कागदावरच असायला हवं.

हेपॅटायटिस बीच्या तपासण्यांवरून बुकिंग अडकण्याचे प्रकार फार होतात. प्रवासाआधी बूस्टर डोस घेतला आणि आठवड्याने रक्त दिलं तर लसीतल्याच अँटिजेनमुळे रिपोर्ट खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो. केंद्र त्यावर खुर्ची नाकारतं, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. लस आणि तपासणी यांच्यात चार आठवडे जाऊ द्या. अँटिबॉडी लिटरला १० युनिटच्या खाली गेली असेल तर बूस्टर घ्यायचा, पण तो प्रवास ठरवतानाच. रुग्ण खरोखर पॉझिटिव्ह असेल तर वेगळी खोली आणि वेगळं मशीन लागतं, म्हणून त्यांनी बुकिंग आणखी आधी सुरू करावं. जे केंद्र पॉझिटिव्ह रुग्णाला "चालेल, इथेच बसा" म्हणतं, तिथे निगेटिव्ह रुग्णानेही पाऊल टाकू नये.

दिवसांची आखणी करताना आठवड्यातली दोन दिवसांची मोठी सुट्टी तीन दिवसांची होणार नाही, इतकं कटाक्षाने पाळावं. पाणी आणि पोटॅशियम सगळ्यात जास्त साचतं ते याच सुट्टीच्या शेवटी, आणि हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोकाही तेव्हाच मोठा. प्रवासाला उत्तम दिवस म्हणजे डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशीचा. त्याच दिवशी निघालात तर बीपी खालीच असतं, आणि सुईच्या जागेतून पुन्हा रक्त येऊ लागलं तर बसच्या गर्दीत ते दाबून धरायला जागाही नसते. गाडी चुकली, विमान रद्द झालं, तर काय, याची तयारी डॉक्टरांकडून आधीच लेखी घ्या: द्रव आणि पोटॅशियम किती कमी करायचं, पोटॅशियम बांधणारी पावडर द्यायची का आणि किती, आणि कुठल्या लक्षणाला थेट इस्पितळ गाठायचं. हातपाय जड होणं, ठोके अडखळणं, आडवं पडलं की धाप लागणं, ही ती लक्षणं. नुसतं "पुढचं सत्र उद्याच आहे" म्हणून रात्र काढू नये.

फिस्टुलाच्या हातावर बॅगचा पट्टा, घट्ट घड्याळ, बीपीचा पट्टा यांपैकी काहीही नको. उलट्या-जुलाब झाले, अंग कोरडं पडलं, बीपी उतरलं की फिस्टुलात गुठळी व्हायला वेळ लागत नाही. सकाळ-संध्याकाळ बोट ठेवून थरथर लागते का ते बघा. थरथर थांबली असेल तर काही तासांत इस्पितळात पोचायला हवं, दुसऱ्या दिवशी नव्हे.

जहाजावरच्या डायलिसिसबद्दल थोडक्यात. मूत्रपिंडतज्ज्ञ आणि सिस्टर सोबत असतात, सत्रं जहाज चालू असतानाच होतात, त्यामुळे किनाऱ्यावरचा दिवस मोकळा मिळतो. ज्यांची तब्येत स्थिर आहे, फिस्टुला जुना आहे, बीपी फारसं पडत नाही, त्यांच्यासाठी ही सोय खरंच छान. पण भर समुद्रात रक्त चढवणं, अँजिओप्लास्टी, नवा कॅथेटर यांची अपेक्षा धरता येत नाही, आणि हेपॅटायटिस बी पॉझिटिव्ह रुग्णांना सहसा घेत नाहीत. डायलिसिस सुरू होऊन तीन महिनेही झाले नसतील तर हा मार्ग नको.

पोटाच्या डायलिसिसवाल्यांचं गणित वेगळं. दिवसाला दोन लिटरच्या चार पिशव्या म्हणजे आठवड्याला ५६ लिटर. हे ओझं कुणी वाहून नेऊ शकत नाही, म्हणून माल मुक्कामी पोचवण्याची कंपनीची सेवा हाच या रुग्णांच्या प्रवासाचा कणा. ती चांगली आहे, पण आगाऊ सूचना भरपूर मागते, परदेशासाठी तर दोन-तीन महिने धराच. बॅक्स्टरचा हा विभाग २०२५ पासून व्हँटिव्ह या नावाने वेगळा झाला आहे, तेव्हा जुन्या कागदांवरचं नाव बघून गोंधळू नका. माल मुक्कामाच्या ठिकाणी कोण उतरवून घेणार आणि उन्हात न ठेवता कुठे ठेवणार, हे तिथल्या माणसाशी स्वतः बोलून ठरवावं. खोकी आली की पहिल्याच दिवशी मोजा. पिशव्या बरोबर, पण नळीचं तोंड बंद करायच्या टोप्या किंवा ड्रेनच्या नळ्या कमी, असं घडू शकतं. एका कंपनीचा ट्रान्सफर सेट (पोटातल्या नळीला पिशवी जोडणारा तुकडा) दुसरीच्या पिशवीला बसत नाही, त्यामुळे "तिथे मिळेलच काहीतरी" हा भरवसा फोल. तीन दिवसांपुरता साठा आणि दोन जादा टोप्या हातातल्या सामानात ठेवा.

पिशवीवरची टक्केवारी वाचतानाही तोच एककांचा खेळ. एका देशात १.५, २.५ आणि ४.२५ टक्के डेक्स्ट्रोज लिहितात, दुसरीकडे तीच द्रावणं १.३६, २.२७ आणि ३.८६ टक्के ग्लुकोज म्हणून येतात. फरक फक्त साखरेसोबतचा पाण्याचा रेणू धरला की नाही एवढाच. पिशवी गरम करायला मायक्रोवेव्ह वापरू नका, कुठे कढत कुठे गार असं होतं. रात्रीच्या सायकलरसाठी (द्रावण आपोआप बदलणाऱ्या मशीनसाठी) व्होल्टेज, अर्थिंगचा प्लग आणि बिछान्याच्या उंचीचं टेबल, या तीन गोष्टी खोली घेण्याआधीच विचारा. वीज गेली तर हाताने बॅग लावता यावी म्हणून साध्या पिशव्याही थोड्या मागवाव्यात. पोटातून निघालेलं पाणी गढूळ दिसलं तर ती पिशवी फेकू नका, तशीच घेऊन इस्पितळात जा.

आयकोडेक्स्ट्रिनची (ग्लुकोजऐवजी वापरायच्या एका द्रावणाची) पिशवी वापरणाऱ्या मधुमेही रुग्णांनी एक कार्ड गळ्यात घालण्याइतकं जवळ ठेवावं. या द्रावणातून रक्तात माल्टोज येतं, आणि काही ग्लुकोमीटरच्या पट्ट्या त्याला ग्लुकोज समजून साखर खोटी जास्त दाखवतात. अनोळखी इस्पितळात त्या आकड्यावर इन्सुलिन दिलं तर साखर जिवावर बेतेल इतकी खाली जाऊ शकते. "फक्त ग्लुकोजच मोजणारी पट्टी वापरा" हे त्या कार्डावर स्थानिक भाषेतही लिहून घ्या.

नेता येणारं घरगुती मशीन, म्हणजे नेक्स्टेजचं सिस्टिम वन, अमेरिकेत घरी वापरायला २००५ साली मंजूर झालं. नेता येतं हे खरं, पण त्याचं वजन सुमारे ३४ किलो आहे, आणि एका सत्राला २५ लिटर द्रावण धरलं तर पाच लिटरच्या पाच पिशव्या. गाडीने जाणाऱ्या आणि घरी प्रशिक्षण पूर्ण झालेल्या जोडीदारासोबतच्या रुग्णाला हे मोकळेपण देतं. विमानाने एकट्याने जाणाऱ्याला नाही.

किडनी अधू आहे पण डायलिसिस अजून सुरू झालेलं नाही, अशांनी प्रवासी क्लिनिकच्या तयार किटवर विसंबू नये, कारण ती निरोगी मूत्रपिंड धरून बांधलेली असतात. त्यातल्या आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी उरलीसुरली किडनी आणखी बिघडते. मलेरियासाठीची ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ही गोळी क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी मिनिटाला किती मिली रक्त साफ करते तो आकडा) ३० च्या खाली असेल तर प्रतिबंधासाठी घेऊ नये. ओआरएसमध्ये लिटरला २० मिलिमोल पोटॅशियम असतं, तेव्हा डायलिसिसवाल्यांनी ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. जुलाबाच्या दिवसांत बीपीच्या काही गोळ्या, मूत्रल आणि मेटफॉर्मिन थांबवावी लागतात. कुठली आणि कधी, हे आधी लिहून घ्या. प्रत्यारोपण झालेल्यांना पीतज्वरासारख्या जिवंत लसी चालत नाहीत, आणि साधं टॅक्रोलिमस (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणूनचं औषध) दर १२ तासांनी घ्यायचं असल्याने घड्याळ बदलणाऱ्या प्रवासाचं वेळापत्रक डॉक्टरांकडूनच बनवून घ्यावं. किडनीच्या प्रतीक्षायादीत नाव असेल तर समन्वयकाला कळवल्याशिवाय गाव सोडू नका.

परतल्यावर पाहुण्या केंद्रातल्या सत्रांचे चार्ट नेहमीच्या केंद्राला द्या आणि हेपॅटायटिसच्या तपासण्या पुन्हा करून घ्या. हेपॅटायटिस सीच्या अँटिबॉडी लागण झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी दिसू शकतात, म्हणून थेट विषाणू शोधणारी आरएनए चाचणी मागावी. काही केंद्रं रिपोर्ट येईपर्यंत प्रवासाहून आलेल्या रुग्णाला वेगळ्या मशीनवर बसवतात. ते खुशाल बसवू द्या.